खाल्लेलं फ्लेवोनॉइड अंगी लागतं का?

पिपेट

'अमुक फळात इतके मिलिग्रॅम फ्लेवोनॉइड्स असतात, रोज खा' हा मेसेज या आठवड्यात मला तिसऱ्यांदा आला. (फ्लेवोनॉइड्स म्हणजे फळं, भाज्या, चहा यांत असणारे वनस्पतींचे एका जातीचे रेणू.) आकडा बरोबर असेलही, पण तो ताटातला आकडा आहे, रक्तातला नाही. या दोन आकड्यांच्या मधे जे होतं त्यावरच माझं पोट चालतं, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं.

मी रक्ता-लघवीच्या नमुन्यांतले रेणू मोजते. नोकरीला नवी होते तेव्हाची गोष्ट. एका स्वयंसेवकाला भरपूर कांदा खायला घालून तासाभराने त्याचं रक्त घेतलं होतं. कांद्यात क्वेर्सेटिन नावाचं फ्लेवोनॉइड भरपूर असतं. मी प्लाझ्मा वेगळा केला, यंत्रात सोडला आणि पडद्यावर शुद्ध क्वेर्सेटिनचं शिखर जिथे उमटायला हवं तिथे डोळे लावून बसले. सरळसोट रेघ! वाटलं, नमुन्यांची अदलाबदल केली की काय. घाबरत घाबरत सीनियर मॅडमना सांगितलं, तर त्या हसल्या. "अगं, आधी त्याचे कपडे तर उतरव." उरलेल्या प्लाझ्मात त्यांनी एक एन्झाइम टाकायला लावलं, नळी ३७ अंशांवर ठेवली आणि मग तोच नमुना पुन्हा यंत्रात सोडला. आता त्याच जागी छान टोकदार शिखर उभं होतं.

म्हणजे क्वेर्सेटिन रक्तात होतंच, फक्त क्वेर्सेटिनच्या रूपात नव्हतं. शरीराने त्याला ग्लुकुरोनिक आम्ल आणि सल्फेट चिकटवून ठेवलं होतं. एन्झाइमने ती चिकटवाचिकटवी सोडवली, तेव्हा ते दिसलं.

आता सुरुवातीपासून. वनस्पतीत बहुतेक फ्लेवोनॉइड्स एकटी नसतात, त्यांच्या पाठीवर साखर बसलेली असते. साखरेमुळे ती पाण्यात विरघळतात आणि पेशीत साठवता येतात. झाडाची सोय झाली, आपली पंचाईत. साखरेसकट हा रेणू आतड्याच्या पेशीच्या स्निग्ध पडद्यातून सहजी आत शिरत नाही. ती साखर आधी तुटावी लागते, आणि ती कुठे तुटणार हे साखर कोणती आहे त्यावर ठरतं. माझ्या मते या सगळ्या विषयात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच.

कांद्यातल्या क्वेर्सेटिनवर साधं ग्लुकोज असतं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखी जी झालर असते, तिच्यावर ग्लुकोज तोडणारं एन्झाइम तयारच बसलेलं असतं. त्याने साखर तोडली की मोकळं झालेलं क्वेर्सेटिन तिथल्या तिथे पेशीत शिरतं. चहात मात्र क्वेर्सेटिनचा बराच भाग रूटिन या रूपात असतो. त्याच्यावर रॅम्नोज आणि ग्लुकोज अशी जोडसाखर असते, आणि ती तोडणारं एन्झाइम आपल्याकडे नाहीच. मग रूटिन तसंच पुढे सरकत मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथले जिवाणू त्याची साखर काढतात.

नेदरलँड्समधल्या पीटर हॉलमन आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये याचं वेळापत्रकच मांडलं. कांदा खाल्ल्यावर रक्तातली सर्वोच्च पातळी पाऊण तासाच्या आत, सफरचंदानंतर अडीच तासांनी, आणि शुद्ध रूटिन दिल्यावर ९ तासांनी. रेणू तोच, पण पोचण्याच्या वेळांत आठ तासांहून जास्त फरक.

आत शिरल्यावर काय होतं? आतड्याची पेशी त्याला पाहुणा मानत नाही, परका मानते. लगेच त्यावर ग्लुकुरोनिक आम्ल, सल्फेट किंवा मिथाइल चढवते. काही माल तर पडद्यावरचे पंप आल्या वाटेने परत आतड्यात फेकतात. उरलेला यकृताकडे जातो, तिथे पुन्हा तेच. शरीर औषधांना जशी वागणूक देतं अगदी तशीच. जीवनसत्त्व असतं तर त्याच्यासाठी खास दरवाजा आणि साठवणीची कोठी असती. इथे सगळी यंत्रणा बाहेर काढण्याच्या मागे लागलेली असते.

शंकासुर

लेख आवडला, पण नावाला जागून शंका विचारतोच. वेळ कळली, प्रमाणाचं काय? आणि 'शोषलं गेलं' हे मोजतात कसं? रक्तात किती हे कळेल, पण आतड्यात किती शिरलं हे कसं कळणार?

पिपेट

नेमकं बोट ठेवलंत. त्यासाठी हॉलमन यांच्याच गटाने १९९५मध्ये एक युक्ती केली. आजारपणामुळे ज्यांचं मोठं आतडं शस्त्रक्रियेने काढलेलं असतं, त्यांच्या लहान आतड्याचं टोक पोटावर उघडतं आणि तिथे पिशवी लावलेली असते. असे ९ स्वयंसेवक घेतले. मोठं आतडं नाही म्हणजे तिथल्या जिवाणूंची ढवळाढवळ नाही. तोंडातून किती गेलं ते माहीत, पिशवीत किती आलं ते मोजलं, वजाबाकी केली. कांद्यातलं ग्लुकोजवालं क्वेर्सेटिन ५२ टक्के 'गायब', साखर नसलेलं शुद्ध क्वेर्सेटिन २४ टक्के, रूटिन १७ टक्के.

तोपर्यंत पुस्तकात असं होतं की साखर लागलेलं फ्लेवोनॉइड लहान आतड्यात शोषलंच जात नाही. इथे साखरवालं तर नुसत्यापेक्षा दुप्पट! नुसतं क्वेर्सेटिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हे त्यामागचं एक कारण. साखर त्याला विरघळवून थेट एन्झाइमच्या दारात नेऊन सोडते.

शंकासुर

'गायब' या शब्दाला अवतरणचिन्ह लावलंत ते बघितलं. 😄 पिशवीत नाही म्हणजे रक्तातच गेलं असं थोडंच आहे? वाटेत मोडूनही गेलं असेल.

पिपेट

म्हणूनच लावलं. वजाबाकीत 'शोषलं' आणि 'मोडलं' वेगळं करता येत नाही. शिवाय पेशीत शिरून, सल्फेट चिकटवून पुन्हा आतड्यात फेकलेला माल नेहमीच्या चाचणीत दिसेलच असं नाही, त्याचा वेगळा शोध घ्यावा लागतो. आकडे ढोबळ समजा. कांदा वर आणि रूटिन खाली हा क्रम मात्र पुढे वेगवेगळ्या पद्धतींनीही टिकला.

दूधखुळा

मी पडलो लॅक्टोज न पचणारा. मागे कुठेतरी वाचलं होतं की कांद्यातली ती साखर तोडणारं एन्झाइम म्हणजे दूध पचवणारं लॅक्टेजच. खरं आहे का? असेल तर माझा कांदा फुकट जातो म्हणायचा!

पिपेट

वाचलंत ते खरं आहे. पूर्ण नाव लॅक्टेज-फ्लोरिझिन हायड्रोलेज. गंमत म्हणजे त्यातलं फ्लोरिझिन हेसुद्धा फ्लेवोनॉइडांच्याच घराण्यातलं, सफरचंदाच्या झाडात सापडणारं. म्हणजे या एन्झाइमच्या नावातच त्याची दुसरी नोकरी लिहिलेली आहे.

पण कांदा फुकट जात नाही. एक तर मोठेपणी लॅक्टेज कमी होतं, साफ शून्य होत नाही. दुसरं, पेशीच्या आत आणखी एक ग्लुकोज तोडणारं एन्झाइम असतं, साखरेसकट आत शिरलेल्या रेणूंसाठी. आणि जे या दोघांच्याही हातून निसटेल त्याला खाली मोठ्या आतड्यात जिवाणू आहेतच.

रानजाई

खालच्या मजल्याचा विषय निघालाच आहे तर मी येते, तो मजला माझा. :)

मोठ्या आतड्यातले जिवाणू फक्त साखर काढून थांबत नाहीत, ते फ्लेवोनॉइडच फोडतात. या रेणूत १५ कार्बनचा सांगाडा असतो, दोन टोकांना दोन कडी आणि मधे तीन कार्बनचा पूल. जिवाणू मधला भाग तोडतात आणि छोटी फिनॉलिक आम्लं तयार होतात. ही आम्लं बऱ्यापैकी शोषली जातात. वर पिपेट ताईंनी जे शिखर शोधलं ते मूळ रेणूचं होतं. तिथे तेवढंच पाहिलं तर ही सगळी पिल्लावळ हिशेबातून सुटते.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण अँथोसायनिन्सचं, म्हणजे बेरीज आणि काळ्या द्राक्षांना जांभळा-लाल रंग देणाऱ्या फ्लेवोनॉइडांचं. वर्षानुवर्षं म्हणत होते की ही एक टक्कासुद्धा शोषली जात नाहीत. कारण रक्तात आणि लघवीत शोधायचे ते मूळ जांभळा रेणूच. मग २०१३मध्ये ब्रिटनमधल्या एका गटाने अँथोसायनिनमध्ये कार्बन-१३ हा थोडा जड कार्बन घातला, जेणेकरून रेणूचे कितीही तुकडे झाले तरी ओळखू यावेत. ८ पुरुषांना प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम दिलं आणि ४८ तास रक्त, लघवी, विष्ठा आणि श्वास सगळं तपासलं. लघवीत ५.४ टक्के सापडलं आणि श्वासात ६.९ टक्के! श्वासात म्हणजे रेणूचा पार चुरा होऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड झाला आणि नाकातोंडावाटे बाहेर पडला. दोन्ही मिळून १२ टक्क्यांच्या वर. 'एक टक्का नाही'पासून तिथवर मजल गेली, तीही केवळ कुठे आणि काय शोधायचं ते बदलल्यामुळे.

आता हे काम जिवाणूंकडे आलं की माणसामाणसांत फरक आलाच. सोयाबीनमध्ये डेडझिन नावाचं आयसोफ्लेवोन (फ्लेवोनॉइडांचीच एक पोटजात) असतं. काही लोकांच्या आतड्यातले जिवाणू त्याचं इक्वॉल बनवतात, काहींचे बनवतच नाहीत. पाश्चात्त्य देशांत साधारण २५ ते ३० टक्के लोक इक्वॉल बनवणारे निघतात, तर जपान, कोरिया, चीनमध्ये ५० ते ६० टक्के. दोघांनी एकाच भांड्यातलं सोया खाल्लं तरी एकाच्या रक्तात जे फिरतं ते दुसऱ्याच्या रक्तात नसतंच. सोयावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत त्यामागे हेही एक कारण असावं असं मानलं जातं.

अवांतर: इक्वॉल पहिल्यांदा सापडलं १९३२मध्ये, गाभण घोडीच्या मुतात. नाव त्यावरूनच पडलं. माणसाच्या लघवीत ते ओळखायला पुढे ५० वर्षं गेली.

दुसरा_कप

रानजाई, भारी प्रतिसाद! घोडीचं वाचून चहाचा घोट अडकला.

चहावरूनच विचारते. दूध घातलं की चहातले सगळे गुण जातात असं माझी मैत्रीण छातीठोक सांगते. दुधातलं प्रथिन चहातल्या कॅटेचिन या फ्लेवोनॉइडला धरून ठेवतं म्हणे. मला दुधाशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.

पिपेट

प्रथिन धरतं हे काचेच्या नळीत खरं आहे. पोटात ते प्रथिन पचतं, त्यामुळे तिथेही तसंच होतं असं गृहीत धरता येत नाही. १९९८मध्ये माणसांवर तपासलं तेव्हा दूध घातलेल्या आणि न घातलेल्या चहाने रक्तातली कॅटेचिन्स सारखीच वाढली. आता मैत्रिणीच्या बाजूनेही सांगते. २००७मध्ये बर्लिनमध्ये १६ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात कोऱ्या चहाने रक्तवाहिन्या जास्त सैलावल्या आणि दूध घातल्यावर तो परिणाम दिसला नाही. म्हणजे शोषण आणि परिणाम हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझ्यापुरतं विचाराल तर मी दूध घालूनच पिते.

दुधापेक्षा मला केळ्याची जास्त धास्ती वाटते.

दुसरा_कप

केळ्याने काय घोडं मारलं आता?

पिपेट

केळं कापून ठेवलं की काळं पडतं ना, ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या एन्झाइममुळे. हे एन्झाइम पॉलिफिनॉल रेणूंचं (फ्लेवोनॉइड्स याच मोठ्या कुळातली) ऑक्सिडीकरण करतं आणि कोकोतली किंवा चहातली फ्लेव्हनॉल्स हे त्याचं आवडतं खाद्य. (स्पेलिंगची चूक नाही. फ्लेव्हनॉल्स ही फ्लेवोनॉइडांची एक पोटजात, कॅटेचिन्स त्यातलीच.) २०२३मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी एकदा फ्लेव्हनॉल्स घातलेली केळ्याची स्मूदी दिली आणि एकदा नुसती फ्लेव्हनॉल्सची कॅप्सूल. स्मूदीनंतर रक्तातली फ्लेव्हनॉल्सची पातळी कॅप्सूलच्या तुलनेत ८४ टक्के कमी. आधी एकत्र न करता दोन्ही एकाच वेळी पोटात गेली तरी घट दिसली, म्हणजे एन्झाइम जठरात जाऊनही काम करत राहतं. बेरीजच्या स्मूदीत हे एन्झाइम फार कमी, तिथे असं झालं नाही.

केळं वाईट नाही. फक्त फ्लेव्हनॉल्ससाठी म्हणून कोको पिणार असाल तर त्याच ग्लासात केळं नको, इतकंच.

साठीपार

सर्वांचे प्रतिसाद वाचले, ज्ञानात भर पडली. माझा प्रश्न व्यावहारिक आहे. मुलाने ५०० मिग्रॅ क्वेर्सेटिनच्या गोळ्यांची बाटली आणून दिली आहे. उपाशीपोटी घ्यावी की जेवणाबरोबर? मी रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतो.

पिपेट

काका, शोषणापुरतं उत्तर देते. गोळीत बहुधा साखर नसलेलं, नुसतं क्वेर्सेटिन असतं. म्हणजे वर ज्याला २४ टक्के मिळाले ते. ते स्निग्धात विरघळणारं असल्याने तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर जास्त शोषलं जातं असं दिसलं आहे.

पण गोळी घ्यावी की नाही हे मी सांगणार नाही, तुम्ही औषधांची यादी आणि ही बाटली दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. लेखात म्हटलं तसं, शरीर फ्लेवोनॉइडांना आणि औषधांना बऱ्याच अंशी एकाच यंत्रणेतून बाहेर काढतं. तेच पंप, तीच एन्झाइम्स. एकाने रांग अडवली तर दुसऱ्याची पातळी वर-खाली होऊ शकते. अन्नातून येणाऱ्या प्रमाणात सहसा फरक पडत नाही, ५०० मिलिग्रॅम एकदम म्हणजे वेगळी गोष्ट. हॉलंडमधल्या झुटफेन गावच्या ८०५ वयस्कर पुरुषांच्या १९९३च्या प्रसिद्ध अभ्यासात, चहा-कांदा-सफरचंद सगळं धरून, दिवसाचं सरासरी फ्लेवोनॉइड भरत होतं सुमारे २६ मिलिग्रॅम! (त्यात मोजके पाच रेणूच मोजले होते, तरीसुद्धा.)

आणि जास्त शोषलं म्हणजे जास्त चांगलं असंही नाही. ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे कॅटेचिन उपाशीपोटी जास्त शोषलं जातं, म्हणून काही जण अर्काच्या गोळ्या मुद्दाम उपाशीपोटी घेतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८मध्ये सांगितलं की अशा पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांत यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसतात. कपातून प्यायलेल्या चहाबद्दल तशी चिंता व्यक्त केलेली नाही.

दूधखुळा

काका, रक्तदाबाच्या गोळीबरोबर ग्रेपफ्रूटचंही विचारून घ्या डॉक्टरांना. १९८९मध्ये कॅनडात फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाची पातळी भलतीच चढली. दोष दारूचा नव्हता, रसाचा होता. सुरुवातीला संशय त्यातल्या नॅरिंजिन या फ्लेवोनॉइडवर गेला, पण मुख्य आरोपी निघाली फ्युरानोकुमारिन्स, म्हणजे रसातलीच पण वेगळ्या जातीची रसायनं. कधी नव्हे ते फ्लेवोनॉइड निर्दोष सुटलं.

साठीपार

धन्यवाद. बाटली तूर्त कपाटात. पुढच्या भेटीत दाखवतो.

शंकासुर

सगळं मान्य. मग मला एक सांगा, रक्तात इतकं कमी, तेही कपडे घातलेलं आणि काही तासांत हकालपट्टी. तरी 'अँटिऑक्सिडंट म्हणून शरीरातले फ्री रॅडिकल्स मारतं' हे सगळीकडे छापलेलं असतं ते कशाच्या जोरावर?

पिपेट

परीक्षानळीच्या जोरावर. नळीत ही मंडळी खरोखरच जोरदार अँटिऑक्सिडंट आहेत. पण २००५मध्ये क्लॉडिन मनाक आणि सहकाऱ्यांनी ९७ अभ्यासांचा गोषवारा काढला, त्यात ५० मिलिग्रॅम पॉलिफिनॉल खाल्ल्यावर रक्तात मिळाले ० ते ४ मायक्रोमोल प्रति लिटर. आपल्या रक्तात युरिक आम्ल आणि क जीवनसत्त्वच याच्या कितीतरी पट असतं. त्या गर्दीत यांचा आवाज कुठे ऐकू येणार? पेशींवरच्या कित्येक प्रयोगांत मात्र उघडं, साखर-सल्फेट नसलेलं क्वेर्सेटिन १०, ५०, १०० मायक्रोमोल ओततात. तसा रेणू तेवढ्या प्रमाणात पेशींना प्रत्यक्षात कधी भेटतच नाही.

२००४चा एक प्रयोग तर माझा लाडका आहे. लोकांना पाच सफरचंदं खायला दिली, रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढली. आधी वाटलं, फ्लेवोनॉइडांची कमाल. नीट पाहिलं तर सफरचंदातल्या फ्रुक्टोजमुळे युरिक आम्ल वाढलं होतं, आणि ती सगळी वाढ त्याचीच होती.

म्हणून हल्ली भर आहे तो हे बदललेले रेणू रक्तवाहिन्यांच्या पेशींना काही संदेश देतात का यावर. तिथेही सबुरीने घ्यावं. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉसमॉस चाचणीत २१,४४२ जण होते, दिवसाला ५०० मिलिग्रॅम कोको फ्लेव्हनॉल्स. हृदयविकाराच्या एकूण घटनांत खात्रीने म्हणता येईल इतकी घट नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्के कमी, पण तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता. ज्याला जे हवं ते तो वाचतो.

रानजाई

'काही तासांत हकालपट्टी' याला थोडा आक्षेप. क्वेर्सेटिन तसं चिवट आहे. यकृत ते पित्तातून आतड्यात सोडतं, तिथे जिवाणू चिकटवलेलं सगळं उतरवतात आणि ते पुन्हा शोषलं जातं. ही प्रदक्षिणा चालू राहते.

पिपेट

+१. कांद्यानंतरचं त्याचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, २८ तास मोजलेलं आहे. मी स्वतः त्यात पोळले आहे.

एका अभ्यासात स्वयंसेवकांना आधीचे काही दिवस कांदा, चहा, सफरचंद बंद ठेवायला सांगितलं होतं. सकाळी उपाशीपोटी पहिलं रक्त, म्हणजे शून्य तासाचा नमुना. त्यात एन्झाइम टाकूनही रेघ सपाटच यायला हवी. एका पठ्ठ्याच्या नमुन्यात बुटकं पण स्पष्ट शिखर. मी नळी बदलली, स्तंभ धुतला, कोरा द्रावक सोडून पाहिला, अर्धा दिवस यंत्रालाच शिव्या घातल्या. शेवटी त्याला फोन करून विचारलं, कांदा खाल्लास का? तो शपथेवर नाही म्हणाला. चहा? नाही. सफरचंद? नाही. मग आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते एकेक करून सांगायला लावलं. रात्री सूप प्यायला होता. कशाचं? तर म्हणे भाज्यांचं. कोणकोणत्या भाज्या?

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "अरेच्चा, पण तो कांदा तर शिजून विरघळला होता हो!"